पाच विड्यांची धून

५ जानेवारी २०२५, रविवार

दीक्षाने नव्या वर्षाची डायरी आणून दिली. तिच्या ऑफिसात मिळते. म्हणाली, "आई, तू ग्रुपवर एवढं लांबलचक लिहितेस, कोण वाचत नाही ते. ह्यात लिही." वाचतात. तिला माहीत नाही.

ग्रुप म्हणजे आमचं पार्श्वसंगीत मंडळ. गाणी सोडून सिनेमात आणि मालिकेत मागे जे वाजतं, त्याचे अल्बम ऐकणारे आम्ही एकवीस जण. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोलापुरात भवानी पेठेत राजशेखर सरांच्या वरच्या मजल्यावर जमतो. एक अल्बम ऐकायचा, प्रत्येकाने मत सांगायचं आणि चिठ्ठीवर दहापैकी मार्क लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. बायका आम्ही तिघीच.

मला हा नाद ह्यांच्यामुळे लागला. यशवंत बनसोडे, माझे मालक. बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. जाऊन चौदा महिने झाले. तोंडाने त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. कागदावर लिहायला काही वाटत नाही.

मला राग, ताल कळत नाही. मी कुंभारीला घरकुलात राहते आणि विड्या वळते. त्यामुळे संगीत किती लांब ते मी विड्यांवर सांगते. पान घेतलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, सुपात टाकली, ती एक विडी. बातम्यांच्या आधी वाजतं ते अर्धी विडी. ग्रुपवर पहिल्यांदा मी लिहिलं होतं की अमक्या भुताच्या मालिकेचं संगीत चार विड्यांचं आहे, भीती तिसऱ्या विडीला संपते, चौथी उगाच वाजवलीय. तेव्हा सगळे हसले. आता दाक्षायणी टीचरसुद्धा विचारतात, "मनकर्णाबाई, ह्याच्या किती विड्या?" त्या शाळेत संगीत शिकवतात.

१२ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे रिक्षा लांबून फिरून आली. पोचले तेव्हा अर्धा अल्बम झाला होता. तेलुगू लढाईचा सिनेमा, नुसते ढोल. सिद्धलिंगप्पा खुर्चीत झोपलेले. त्यांचं कापडाचं दुकान आहे, रविवारी तेवढी झोप मिळते. जागे झाले आणि चारच मार्क दिले.

दाक्षायणी टीचर म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही घोरत होता की. मार्क कशाचे दिले?"

"घोरताना बी ऐकू यायला लागलंय म्हंजे ढोल जास्तच हाय. त्याचे सहा कापले."

मग सरांनी सांगितलं की पुण्याची एक लहान कंपनी 'तेरावा मैल'चा अल्बम पुन्हा काढणार आहे. दूरदर्शनवर ब्याण्णव साली तेरा आठवडे लागलेली मालिका, खडी फोडणाऱ्यांची. संगीतकार वारले, पण ध्वनिमुद्रकाच्या घरी मूळ टेप निघाली. बरोबर पुस्तिका येणार, तिच्यात सगळ्या वादकांची नावं. ती जमवायचं काम सरांकडे आलंय. सर गिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. चुकीचं नाव त्यांना सहन होत नाही. एका बासरीवाल्याचं नाव दुसऱ्याच्या खात्यावर गेलं म्हणून ते नागपूरच्या कुणाशी तरी सहा महिने भांडत होते.

"बावीस नावं मिळाली," सर म्हणाले. "क्लॅरिनेट तेवढं मिळत नाही."

मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. म्हटलं, "ते आमचे मालक."

तीन वर्षं मी येते, हे कधी बोलले नव्हते. कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी विचारलं, "कशावरनं?" मी धून गुणगुणून दाखवली. दोन विड्या गुणगुणले, मग थांबले, ते थांबायचे तेवढं. मग शेवटच्या दोन विड्या.

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "शेवटचं सगळ्यांना माहीत आहे, मालिकेच्या सुरुवातीला लागायचं. पण पहिला भाग टीव्हीवर कधी आलाच नाही. तो फक्त टेपवर आहे. तुम्हाला कुठून येतो?"

"घरात वाजवायचे की."

"आणि मध्ये का थांबलात?"

"ते थांबायचे."

सर म्हणाले, मध्ये काहीतरी आहे, एकदाच ऐकलंय, नीट आठवत नाही. टेप पुण्यात साफ करायला दिलीय. दाक्षायणी टीचर उठून माझ्याजवळ बसायला आल्या. आप्पा म्हणाले, "आता ह्यांना चहा आधी द्या." मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटायला नको होतं, असंही वाटलं.

१४ जानेवारी

आज विड्या कमी झाल्या. हात चालत होते, पण चित्त नव्हतं. जे कुणाला सांगत नाही ते लिहून काढते.

ब्याण्णवच्या जानेवारीत हे मुंबईला गेले. म्हणाले, मालिकेचं रेकॉर्डिंग आहे, बोलावणं आलंय, पुढे आणखी कामं मिळतील. थोरला बारा दिवसांचा होता. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं. म्हणाले, मी आल्यावर ठेवू, तोवर बाळ म्हणा. स्टुडिओचा पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवला.

हे निघाल्यापासून बत्तिसाव्या दिवशी बाळ गेलं. दोन दिवस जुलाब आणि ताप, एवढंच. शेजारच्या बाळाबाईला घेऊन मी आधल्या दिवशीच तार करायला गेले होते. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कारकुनाने चिठ्ठी बघून विचारलं, "काय करतात हितं?" मी म्हटलं, "वादक आहेत. तसं लिहा." तो म्हणाला, "नुसतं नाव पुरे हाय बाई." मी म्हटलं, "नाही, लिहा. मोठी जागा आहे, कळायला पाहिजे." त्याने लिहिलं.

तार पोचली नाही. आठ दिवसांनी ती परत आल्याचा कागद आला, त्यावर इंग्रजीत हाताने लिहिलेल्या दोन ओळी. हे चाळिसाव्या दिवशी आले, हातात लोकरीचं टोपडं. घरात बायका बसलेल्या बघून दारातच उभे राहिले. तो कागद मी पुढे केला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "पत्ता अपुरा, असं लिहिलंय."

त्या संध्याकाळी त्यांनी क्लॅरिनेट काढलं. शेजाऱ्यांना राग आला. सुतकात कोण वाजवतं. ते मला म्हणाले, "ह्याच्यासाठी गेलो होतो. ऐक." दोन विड्या वाजवलं, थांबले, मग पुढचं. त्या थांबण्यात ते बाळाला आठवत असतील, असं मी धरलं. तेव्हापासून कायम तसंच धरलं.

मी त्यांना माफ केलं ते ह्या धुनेमुळे. काहीतरी मोठं काम चाललं होतं आणि माणूस त्यात अडकला होता. उन्हाळ्यात मालिका लागली, तीच धून वाजली, तेव्हा सगळी वस्ती बघत होती. मी बाळाबाईला म्हटलं, "बघ." पुढे दीक्षाच्या पाटीवर मी अक्षरं शिकले, तिसाव्या वर्षी. आता कादंबऱ्यासुद्धा वाचते. इंग्रजी मात्र आलं नाही.

पुस्तिकेत नाव यायला पाहिजे. ते आलं की बाळाला सांगण्यासारखं काहीतरी होईल. हे वेड्यासारखं आहे, मला कळतं.

२० जानेवारी

सरांनी फोन करून विचारलं होतं की त्या स्टुडिओत यशवंतराव होते असा एखादा कागद आहे का. मला एकदम तो कागद आठवला. पेटीत टोपड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्यावर स्टुडिओचा पत्ता आणि ह्यांचं नाव, दोन्ही आहे. दुपारी घेऊन गेले.

सरांनी तो एकदा वाचला, मग खिडकीकडे जाऊन परत वाचला. चष्मा पुसला.

"हा कुणाला दाखवला होता?"

"ह्यांनीच वाचून सांगितलं. पत्ता अपुरा म्हणून."

"असं म्हणाले?"

"व्हय. एवढा मोठा पत्ता, अपुरा कसा ते काही कळलं नाही."

सर बसून राहिले. त्यांच्या बायकोने आणलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. मी विचारलं, "फोटो काढून ठेवता का?" म्हणाले, "नको. मी बघितलं ना, पुरे झालं. पत्ता बरोबर आहे." कागद घडीवर घडी करून स्वतः पिशवीत घातला आणि म्हणाले, "जपून ठेवा. कुणाला देऊ नका."

जिना उतरून मला रिक्षापर्यंत सोडायला आले. आजवर कधी आले नव्हते. पुरावा मिळाला म्हणून त्यांना किती आनंद झाला असेल.

२६ जानेवारी

दीक्षा आणि जावई आले होते. दीक्षाला सांगितलं, पुस्तिकेत बाबांचं नाव येणार. ती रडली. जावई म्हणाले, फ्रेम करून लावू.

चहा झाल्यावर दीक्षा कप उचलायला लागली आणि तिला आठवलं, "बाबा कुणाला कप धुऊ द्यायचे नाहीत, न्हाई?" खरं आहे. भांड्याला कधी हात लावला नाही, पण कपबश्या त्यांच्याच. आठ कपांचे कान एका हाताच्या बोटांत ओवायचे, दुसऱ्या हाताने विसळायचे, एकदम पालथे मांडायचे. एकही कधी फुटला नाही. वस्तीत बायका म्हणायच्या, मनकर्णाचा मालक बघा. मी तोऱ्यात असायचे.

ते गेल्यापासून मी स्टीलच्या पेल्यात पिते. कप पाहुण्यांना.

९ फेब्रुवारी

सभा झाली, पण अल्बम ऐकणं बाजूलाच राहिलं.

आप्पांनी विषय काढला. सरांना म्हणाले, "एवढं नाव छापताय, तर मुंबईला त्या प्रभुकाकांना फोन लावा की. ते असतील तर सांगतील."

प्रभुकाका वादकांसाठी कागदावर सुरावटी लिहून द्यायचे. वय चौऱ्याऐंशी. त्या वेळच्यापैकी तेवढेच उरलेत. सर म्हणाले, "त्यांना आता नीट आठवत नाही." आप्पा म्हणाले, "मग लावायला काय जातंय?" दाक्षायणी टीचरांनीच नंबर फिरवला आणि फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला.

म्हातारबा खुशीत होते. म्हणाले, तालमी धरून सहा दिवस, त्यातलं रेकॉर्डिंग चारच दिवस. मी मनात म्हटलं, वय झालंय, विसरले. चाळीस दिवस होते. क्लॅरिनेटवाल्याचं नाव त्यांना काही केल्या आठवेना.

आप्पांनी विचारलं, "सोलापूरचं कोण होतं का तुमच्यात?"

"सोलापूरचा? होता ना. पण वादक नव्हे हो, कॅन्टीनला. महिनाभर होता. एका हातात आठ कप धरायचा, आम्ही मोजायचो. ऐकायला वेडा. लाल दिवा लागला की स्टुडिओचं दार बंद व्हायचं, तर हा दाराला कान लावून उभा. कॅन्टीनचा मालक ओरडायचा, चहा गार होतोय. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, चिडवायला. दोन वेळा तर ट्रे घेऊन आत घुसला, बाहेर काढला त्याला."

सगळे हसले. मीही हसले. हातातला कप मी खाली ठेवला.

मी विचारलं, "काका, तिथं तारा यायच्या का?"

"यायच्या की. वादकांच्या तारा माझ्याकडेच द्यायचे. यादीत नाव बघायचं. नसलं की 'असा वादक इथे नाही' लिहून परत. रोज कुणाची ना कुणाची..."

सरांनी फोन उचलला, "काका, पुन्हा करतो," म्हणून बंद केला. म्हणाले, बॅटरी संपत आलीय. मग आमची तार का परत आली, ते विचारायचं राहून गेलं.

आप्पा चिठ्ठ्यांचा डबा घेऊन फिरले, तर आज मार्क कशाला द्यायचे कुणाला माहीत नाही. टीचर म्हणाल्या, "प्रभुकाकांना द्या." त्यांना सगळ्यांनी दहा दिले.

१६ फेब्रुवारी

पुण्याहून साफ केलेली टेप आली. सरांनी ग्रुपवर टाकली नाही. दाक्षायणी टीचरांनी मला वेगळी पाठवली. लिहिलं होतं, "तुमचा हक्क पहिला."

सकाळी दहाला सूप मांडीवर घेतलं, पानं कापलेली होती, आणि लावलं.

पहिल्या दोन विड्या ओळखीच्या. ते वाजवायचे तशाच, फक्त मागे बाकीचे बरेच. तिसऱ्या विडीला बाकी सगळं थांबलं. मला वाटलं, हेच ते थांबणं. मी पान उचललं. पण आवाज बंद झाला नव्हता. फोन कानाशी धरल्यावर कळलं. एकटं क्लॅरिनेट, खालच्या सुरात, इतकं हळू की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. शेजारी झोपलेलं कुणी जागं होऊ नये म्हणून वाजवावं तसं. बरोबर एक विडी. मग सगळे परत आले आणि शेवटच्या दोन.

हे मी कधी ऐकलं नव्हतं. एकतीस वर्षं ती धून घरात वाजली. पहिल्या दोन विड्या, एक विडीभर गप्प, मग दोन विड्या. कितीही घाई असो, मधलं गप्प बसणं त्यांनी कधी कमी केलं नाही.

तीन वेळा लावलं. मग सूप खाली ठेवलं.

बंद दारातून मोठा आवाज बाहेर येतो. हळू वाजवलेलं येत नाही.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही. कारखान्यात दोन वेळा माझ्या विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आज कागद घेऊन दीक्षाकडे गेले. तिला म्हटलं, वाच. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय लिहिलंय?"

"ह्या नावाचा वादक इथे नाही."

"पत्त्याचं काही लिहिलंय?"

"नाही, आई."

मग मी तिला सगळं सांगितलं. आठ कपांचं सांगितलं तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती रागातच.

"मग काय झालं? छापू दे की. कुणाचं काय जातंय? खरा माणूस कोण, ते त्या म्हाताऱ्याला बी आठवंना."

"त्याच्या बायकोला माहीत असेल."

"ती कोण, कुटली, आपल्याला काय करायचंय? बाबांनी आयुष्यभर लोकांच्या वराती वाजवल्या. नवरदेवाच्या घोड्यामागं चालत. एकदा छापून नाव येतंय, ते बी तू खोडायला निघालीस. तुला त्यांचा सूड उगवायचाय."

थोडं खरं असेल.

येताना बसमध्ये हिशोब लागत गेला. बोलावणं कुणाचं आलं नव्हतं. ते आपले आपण गेले, तिथे कागद वाचून वाजवतात, ह्यांना कानाने येत होतं. परत यायला लाज वाटली म्हणून कप विसळत राहिले. सहा दिवसांत सगळं आटोपलं होतं. पुढचे दिवस कशासाठी थांबले? आणखी एखादं काम मिळेल म्हणून? की दाराशी उभं राहायची सवय झाली?

मला सांगितलं असतं तर चाललं असतं. त्यांना सुरावट वाचता येत नव्हती. मला तर माझं नाव वाचता येत नव्हतं.

आणि मी कारकुनाला म्हटलं, वादक लिहा. नुसतं नाव असतं तर ती तार कदाचित कॅन्टीनपर्यंत गेली असती. कदाचित ते गाडीत बसले असते. बाळ वाचलं नसतं, ते मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण मातीला बाप असता.

२ मार्च

मोडलेलं कुणी बघू नये म्हणून माणूस किती वर्षं नीट वागतो. आठ कप, रोज, एकतीस वर्षं. मला वाटायचं, माझ्यावर माया आहे. ती नव्हती असंही म्हणवत नाही. क्लॅरिनेट अजून खुंटीला आहे. आज फडक्याने पुसलं आणि परत तिथेच लावलं.

९ मार्च

टेबलावर पुस्तिकेचा कच्चा नमुना होता. मी सगळ्यात आधी पोचले. सर पाणी आणायला आत गेले होते. मी तेवढ्यात उघडून बघितलं. गुळगुळीत कागद, चांगली ठसठशीत अक्षरं. 'क्लॅरिनेट : यशवंत बनसोडे, सोलापूर.' त्यावर बोट फिरवलं. दीक्षाला एक फोटो काढून पाठवावा असं मनात आलं. पाठवला नाही.

सगळे जमल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "ते नाव काढा. ते वाजवणारे आमचे मालक नव्हेत. ते कॅन्टीनला होते. प्रभुकाकांनी सांगितलं ते तेच."

मी कागद टेबलावर ठेवला. आप्पांनी तो उचलला, हात लांब करून वाचला आणि सरांकडे बघितलं.

"सर, हे तुमी बघितलं होतं?"

"वीस जानेवारीला."

"मग? एका बासरीवाल्यासाठी तुमी सहा महिने नागपूरकराचं डोकं खाल्लं होतं की."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तेहतीस वर्षं जपलेला कागद होता, बाई. मला वाचून दाखवता आला नाही. मी म्हटलं, एक नाव चुकीचं गेलं तर जाऊ दे."

मी म्हटलं, "सर, तुम्ही मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." माझा आवाज चढला. "आधी ह्यांनी वाचून मला दुसरंच सांगितलं, मग तुम्ही. मी अक्षर शिकले ते कशाला?"

सरांनी मान खाली घातली. नंतर मला त्यांचं वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेतलं नाही.

दाक्षायणी टीचर रडत होत्या. म्हणाल्या, "शेवटच्या पानावर आभार आहेत. तिथं लिहू या. हे संगीत सगळ्यात आधी दाराबाहेरून ऐकणारे रसिक, यशवंत बनसोडे. हे तर खरं आहे ना?"

खरं होतं. सगळ्यांना पटलं. आप्पासुद्धा म्हणाले, "हौदु, व्हय, हे ब्येस हाय."

मी नको म्हटलं. ज्या दिवसांत ते ऐकत उभे होते, त्या दिवसांत घरी काय चाललं होतं ते मला माहीत आहे. ते छापून मला फ्रेम करता येणार नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त नको म्हटलं.

सरांनी पेनाने नाव खोडलं आणि बाजूला लिहिलं, नाव मिळाले नाही. मी ते वाचलं. आमच्या बाळाचंही दवाखान्याच्या कागदावर जवळजवळ तसंच लिहिलेलं होतं. नाव, आणि पुढे रेघ.

मग अल्बम लावला. रिवाज आहे म्हणून सगळ्यांनी मत सांगितलं. टीचर चांगलं बोलल्या, पण लक्षात राहिलं नाही. माझी पाळी आली तेव्हा आप्पांनी विचारलं, "किती विड्या, अक्का?" आजवर ते मला बाई म्हणायचे.

"पाच. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन आमचे मालक ह्याच्यापेक्षा चांगल्या वाजवायचे. मी दोन्ही ऐकलंय, म्हणून सांगते. मधली ह्याची. तिला तोड नाही."

चिठ्ठीवर नऊ लिहिले आणि डब्यात टाकले.

१० मार्च

दुपारी दीक्षा एकटीच आली. तिला कालचं ग्रुपवर कळलं होतं. भांडली नाही. तिने चहा केला, फळीवरचे कप काढले. म्हणाली, "पेल्यात नको, आई." मी कपात प्याले.

तिने विचारलं, "दादाचं नाव काय ठेवणार होता?"

ते आल्यावर ठरवणार होतो.

ती गेल्यावर फळीवरचे सगळे कप मोरीत घेतले आणि ते धरायचे तसे धरून बघितले, कान बोटांत ओवून. तीन मावले. चौथा घेताना एक निसटला आणि फुटला.

एका हातात आठ धरायला माणसाला किती दिवस लागत असतील?